घर-शिवारातील कामांसाठी बॅटरीवरचे ड्रिल घ्यावे की स्क्रू ड्रायव्हर? निवड, वापर आणि काळजी

मे महिना लागला की जळगाव-धुळे पट्ट्यात मृग बागेच्या केळीसाठी आणि बागायती कापसासाठी ठिबकची जुळवाजुळव सुरू होते. सबमेनला भोके पाडायची असतात, गोठ्याचे सैल झालेले पत्रे वादळाआधी घट्ट करायचे असतात, स्टार्टरची पेटी नव्या फळीवर बसवायची असते. ही कामे पूर्वी गिरमिट, सामता, पेचकस आणि पक्कड यांवर होत. विहिरीजवळ वीज असली तरी ती रात्री-अपरात्री येते आणि वायरचे ड्रिल शेताच्या मध्यापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे गेल्या काही वर्षांत बॅटरीवरची छोटी यंत्रे शेतकऱ्यांच्या घरात दिसू लागली आहेत.

दुकानात मात्र एकसारखी दिसणारी दोन यंत्रे समोर येतात. एक कॉर्डलेस स्क्रू ड्रायव्हर आणि दुसरे कॉम्पॅक्ट कॉर्डलेस ड्रिल. दोन्ही पिस्तुलासारखी, दोन्ही बॅटरीवर चालणारी, दोन्ही स्क्रू फिरवणारी. स्वस्त म्हणून पहिले घेतले जाते आणि ठिबकच्या पहिल्याच दिवशी ते गरम होऊन बंद पडते. पिंप्राळा शिवारात एका शेतकऱ्याने छोट्या स्क्रू ड्रायव्हरला बिट लावून सबमेनला भोके पाडली होती. यंत्राला जोर नसल्याने ते हलवत-हलवत भोक मोठे केले गेले. भोके लंबगोल झाली, ग्रोमेट नीट बसले नाहीत, जोडाजोडाला पाणी गळू लागले आणि शेवटच्या ओळींना दाब मिळेना. यंत्र घेताना वाचलेले पैसे पुढे पाइप बदलण्यात गेले. म्हणून विकत घेण्यापूर्वी दोन्हींतील फरक समजून घेणे गरजेचे आहे.

थोडक्यात निष्कर्ष

• फक्त घरातील हलकी कामे (प्लग, स्विचबोर्ड, कपाटाचे बिजागर, फवारणी पंपाचे स्क्रू) असतील तर ३.६ किंवा ४ व्होल्टचा स्क्रू ड्रायव्हर पुरेसा आहे.
• घर आणि शेत दोन्हींसाठी एकच यंत्र घ्यायचे असेल तर १२ व्होल्टचे, १० मि.मी. चकचे, दोन वेगांचे ड्रिल घ्यावे. ते स्क्रू ड्रायव्हरचे बहुतेक कामही करते.
• लोखंडी अँगल, पत्र्याचे शेड, शेडनेटचा सांगाडा अशी कामे वारंवार असतील तर १८ व्होल्टचे, १३ मि.मी. चकचे ड्रिल घ्यावे.
• काँक्रीटच्या स्लॅबला किंवा कॉलमला भोक पाडणे यांपैकी कोणत्याही यंत्राचे काम नाही. त्यासाठी रोटरी हॅमर भाड्याने आणावा.

दोन यंत्रांतील मूळ फरक

स्क्रू ड्रायव्हर : याच्या तोंडाला षटकोनी खाच असते. त्यात पाव इंची (६.३५ मि.मी.) षटकोनी दांडीचे बिटच बसतात. वेग कमी असतो, साधारण मिनिटाला २०० फेऱ्यांच्या आसपास. जोर ३ ते ५ न्यूटन-मीटर. बॅटरी बहुधा आतच बसवलेली असते. ती संपली की चार्ज होईपर्यंत काम थांबते. वजन मात्र अर्धा किलोच्या आत असते, हात दुखत नाही आणि अडचणीच्या जागी यंत्र सहज जाते.

ड्रिल : याला तीन जबड्यांचा चक असतो. त्यात गोल आणि षटकोनी दोन्ही दांड्यांचे बिट बसतात. १२ व्होल्टच्या यंत्राचा चक बहुधा १० मि.मी. आणि १८ व्होल्टच्या यंत्राचा १३ मि.मी. असतो. वेगाचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात साधारण ४०० फेऱ्यांपर्यंत वेग कमी आणि जोर जास्त मिळतो, दुसऱ्या टप्प्यात १,३०० ते १,५०० फेऱ्यांपर्यंत वेग जास्त आणि जोर कमी असतो. चकमागे आकडे लिहिलेली कडी असते, तो क्लच. ठरावीक जोर आला की क्लच कट-कट आवाज करतो आणि स्क्रू पुढे फिरत नाही. बॅटरी काढता-घालता येते.

डब्यावरचे आकडे कसे वाचावेत

व्होल्ट : काही कंपन्या '२० व्होल्ट मॅक्स' लिहितात, काही '१८ व्होल्ट'. दोन्ही एकच आहेत. आत ३.६ व्होल्टचे पाच लिथियम सेल एकापुढे एक जोडलेले असतात. ५ × ३.६ = १८. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्टपर्यंत जातो म्हणून 'मॅक्स' आकडा मोठा दिसतो. तसेच '१२ व्होल्ट मॅक्स' म्हणजे तीन सेल, १०.८ व्होल्ट. २० मोठा म्हणून जास्त पैसे मोजू नयेत.

अँपिअर-तास : ही बॅटरीची टाकी समजा. व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणले की वॉट-तास मिळतात. १२ व्होल्ट (१०.८) आणि २ अँपिअर-तास म्हणजे सुमारे २२ वॉट-तास. १८ व्होल्ट आणि २ अँपिअर-तास म्हणजे ३६ वॉट-तास. चार्जिंगमधली गळती धरूनही विजेच्या एका युनिटमध्ये ३६ वॉट-तासांची बॅटरी वीसेक वेळा चार्ज होते. त्यामुळे विजेच्या खर्चाची काळजी नको, दुसरी बॅटरी सोबत मिळते का हे मात्र जरूर पाहावे.

न्यूटन-मीटर : हा पिळण्याचा जोर. १ मीटर लांब पान्याच्या टोकाला १०० ग्रॅम वजन टांगले तर साधारण १ न्यूटन-मीटर जोर पडतो. म्हणजे ५ न्यूटन-मीटरचा स्क्रू ड्रायव्हर टोकाला अर्धा किलो वजन टांगल्याइतका जोर लावतो. ३० न्यूटन-मीटरचे ड्रिल ३ किलो टांगल्याइतका. बिट अडकले की हाच जोर उलटा आपल्या मनगटावर येतो. १८ व्होल्टच्या ड्रिलमध्ये तो ५० न्यूटन-मीटर किंवा अधिक असतो, म्हणून ते एका हाताने सैल धरू नये.

ब्रशलेस : साध्या मोटारीत कार्बन ब्रश घासतात आणि झिजतात. ब्रशलेस मोटारीत ते नसतात. तिची किंमत जास्त असते, पण ती कमी तापते आणि त्याच बॅटरीवर जास्त काम करते. रोजचे काम असेल तर फरक वसूल होतो. महिन्यातून एकदा वापरणाऱ्याला साधी मोटार चालते.

कामानुसार निवड

१) वायरिंगचे छोटे स्क्रू, पंपाची झाकणे, खिडकीची जाळी : स्क्रू ड्रायव्हर. येथे मोठ्या ड्रिलच्या जोराने प्लास्टिकचे आटे जातात.

२) कामगंध सापळ्यांचे खांब, चिकट सापळ्यांच्या फळ्या, लाकडी पेट्या : १२ व्होल्टचे ड्रिल. वाळलेल्या बाभळीत किंवा सागात स्क्रू थेट घालू नये, लाकूड चिरते. ८ नंबरच्या, म्हणजे सुमारे ४ मि.मी. जाडीच्या स्क्रूसाठी आधी ३ मि.मी.चे भोक पाडावे. बांबूला तर आधी भोक पाडल्याशिवाय स्क्रू लावूच नये.

३) ठिबकची सबमेन : १२ किंवा १८ व्होल्टचे ड्रिल, पहिला वेग.

४) गोठ्याचे पत्रे, शेडनेटचा जी.आय. पाइप : १८ व्होल्टचे ड्रिल, किंवा असल्यास इम्पॅक्ट ड्रायव्हर.

५) विटांची भिंत : इम्पॅक्ट सोय (हातोडीचे चिन्ह) असलेले १८ व्होल्टचे ड्रिल आणि कार्बाइड टोकाचा बिट.

६) मातीत खड्डा घेणे : छोट्या ड्रिलला ऑगर लावून काळ्या जमिनीत खड्डे घेण्याचा प्रयत्न करू नये. ओल्या काळ्या मातीत ऑगर अडकतो, मनगट पिळवटते आणि मोटार जळते. माती नमुन्यासाठी खुरपे, फावडे किंवा हाताचा ऑगर वापरावा.

ठिबकच्या सबमेनला भोके पाडण्याची पद्धत

आधी किती भोके लागतात ते पाहू. एक एकराचा चौरस तुकडा धरला तर त्याची बाजू सुमारे २०९ फूट येते. केळीत ५ × ५ फुटांवर लागवड आणि प्रत्येक ओळीला एक लॅटरल धरली तर २०९ ÷ ५ म्हणजे साधारण ४२ लॅटरल. म्हणजेच सबमेनला ४२ भोके. पीव्हीसी मऊ असल्याने हे काम १२ व्होल्टच्या ड्रिलला जड नाही. येथे जोरापेक्षा भोकाचा नेमकेपणा महत्त्वाचा आहे.

• ग्रोमेट बनवणाऱ्या कंपनीने सांगितलेल्या मापाचाच बिट वापरावा. अर्धा मिलिमीटरचा फरकही गळती करतो. ग्रोमेट, टेकऑफ आणि बिट एकाच ठिकाणाहून घ्यावेत.
• बिटची दांडी आपल्या चकमध्ये बसते का, हे दुकानातच पाहावे. १० मि.मी. चकमध्ये जाड दांडीचा बिट बसत नाही.
• सबमेनवर दोरी ताणून सरळ रेष आखावी. भोके एका रेषेत नसतील तर लॅटरल पिळली जाते.
• टोच्याने खूण करावी म्हणजे बिट घसरत नाही.
• ड्रिल पाइपला काटकोनात धरावे, पहिल्या वेगावर चालवावे, दाब हलका ठेवावा. भोक आरपार होताच थांबावे. जोर लावत राहिल्यास समोरच्या बाजूलाही भोक पडते.
• भोकाच्या कडेचे कंगोरे चाकूने साफ करावेत. बिट हलवून भोक मोठे करू नये.
• ग्रोमेट बसवताना पाणी लावावे. ऑइल किंवा ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगते आणि खराब होते.
• लॅटरल जोडण्यापूर्वी सबमेनचा फ्लश व्हॉल्व्ह उघडून पाणी सोडावे. पाइपमध्ये पडलेला पीव्हीसीचा कीस ड्रिपरमध्ये अडकतो. फिल्टर सबमेनच्या आधी असतो, त्यामुळे हा कीस फिल्टरने अडत नाही. नव्या संचात पहिल्याच आठवड्यात ड्रिपर बंद पडण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

लॅटरलवर ऑनलाइन ड्रिपर लावायचे असतील तर तेथे ड्रिल वापरू नये. त्यासाठी हाताचा पंचच योग्य. पंच नेमके गोल भोक पाडतो आणि नळीचा पदार्थ ड्रिपरच्या काट्याला घट्ट धरतो. ड्रिलचा बिट नळी ओरबाडतो, भोक सैल होते आणि दाब आला की ड्रिपर उडतो.

पत्र्याचे स्क्रू

पत्रा लोखंडी अँगलवर बसवण्यासाठी सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू वापरतात. त्यांचे टोकच बिटसारखे असते, माथा षटकोनी असतो आणि नेहमीच्या ५.५ मि.मी. जाडीच्या स्क्रूला ८ मि.मी.चा सॉकेट लागतो. चुंबकाचा सॉकेट घेतला तर शिडीवर उभे असताना स्क्रू हातातून पडत नाही.

पत्र्याचा स्क्रू लाटेच्या उंच भागावर लावावा म्हणजे पाणी साचून गळत नाही. रबरी वॉशर किंचित फुगला की थांबावे. पूर्ण चेपला तर उन्हाने लवकर चिरतो. सैल राहिला तर वाऱ्याने पत्रा हलत राहतो, भोक मोठे होते आणि मे-जूनच्या वादळात पत्रा उडतो. उडालेला पत्रा जनावराला आणि माणसालाही जिवावर बेततो. क्लच मधल्या आकड्यावर ठेवून सुरुवात करावी आणि दोन-तीन स्क्रू लावून योग्य आकडा ठरवावा.

स्टार्टर पेटीजवळ काम करताना

"बॅटरीचे यंत्र आहे, वायर नाही, मग शॉक कसा लागेल?" हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे. यंत्राला वायर नाही, पण पेटीत तीन फेजचा प्रवाह आहे. बिट लोखंडी आहे, चकही बहुधा लोखंडी आहे. प्लास्टिकची मूठ घरच्या पेचकसाइतकीही खात्रीची समजू नये. जिवंत तारेला लागणारा शॉक वायरच्या आणि बिनवायरच्या यंत्रात सारखाच असतो.

यात आपल्याकडे आणखी एक धोका आहे. अनेक शेतकऱ्यांनी पंपाला ऑटो स्विच लावलेला असतो. काम सुरू करताना वीज नसते, म्हणून मेन स्विच तसाच राहतो. वीज येते, ऑटो चालू होतो आणि हात पेटीत असतो. म्हणून हा क्रम कधीही चुकवू नये.

१. ऑटो बंद करावा.
२. मेन स्विच खाली ओढावा.
३. तिन्ही किटकॅट काढून स्वतःच्या खिशात ठेवावेत. दुसऱ्या कोणी चुकून लावू नयेत म्हणून.
४. टेस्टरने तिन्ही फेज तपासाव्यात. टेस्टर चालतो की नाही हे आधी चालू जागी पाहून घ्यावे.
५. कपॅसिटर असेल तर त्याला लगेच हात लावू नये, त्यात काही वेळ चार्ज राहतो.
६. पायात कोरडी चप्पल किंवा बूट असावा, ओल्या जमिनीवर उभे राहू नये.

पेटी फळीवर बसवण्यासाठी ड्रिल चालेल. आतले टर्मिनलचे स्क्रू मात्र हाताच्या पेचकसानेच घट्ट करावेत. ड्रिलच्या जोराने पितळी आटे जातात, स्क्रू घट्ट वाटतो पण तार सैल राहते. सैल तार तापते, टर्मिनल जळते आणि एक फेज गेली की मोटार जळते. मेन स्विचच्या आधीच्या, खांबाकडून येणाऱ्या तारांना हात लावणे हे वायरमनचेच काम आहे.

वापरताना घ्यायची काळजी

• गळ्यातला रुमाल, उपरणे, सैल बाही, साडीचा पदर फिरत्या चकपासून दूर ठेवावा. याच कारणाने ड्रिल चालवताना कापडी हातमोजेही घालू नयेत.
• डोळ्यांना चष्मा लावावा. लोखंडाचा कीस डोळ्यात गेला तर चोळू नये, दवाखान्यात जावे.
• छोटी वस्तू एका हातात धरून दुसऱ्या हाताने भोक पाडू नये. शिकंजात किंवा पक्कडीत धरावी.
• बिट बदलताना बॅटरी काढावी किंवा दिशाबदलाचे बटण मधल्या, बंद जागी ठेवावे.
• लोखंडाला भोक पाडताना वेग कमी आणि दाब जास्त ठेवावा, थेंबभर ऑइल टाकावे. वेग जास्त ठेवल्यास बिट निळा पडतो आणि त्याची धार जाते.
• घराच्या भिंतीत स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नये, तेथून वायर गेलेली असते.

खान्देशच्या उन्हात बॅटरीची काळजी

लिथियम बॅटरीचा मोठा शत्रू उष्णता आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. उन्हात उभ्या ट्रॅक्टरच्या पेटीत किंवा गाडीच्या डिकीत त्याहून बरीच जास्त उष्णता असते. ठिबकचे काम नेमके याच दिवसांत येते, म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात.

• काम सकाळी ११ च्या आत किंवा दुपारी ४ नंतर करावे.
• काम चालू नसताना बॅटरी सावलीत, कापडी पिशवीत ठेवावी. माठाजवळ ठेवली तरी चालेल, पण ओली होऊ देऊ नये.
• कामावरून आणलेली तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये. अर्धा तास थंड होऊ द्यावी. बहुतेक कंपन्या ४० अंशांच्या वर चार्जिंग करू नये असे सांगतात. म्हणून उन्हाळ्यात पहाटे चार्ज करणे चांगले.
• यंत्र मंद पडले की थांबावे. अगदी शून्यापर्यंत ओढू नये.
• हंगामानंतर बॅटरी अर्धी चार्ज ठेवून, यंत्रातून काढून, थंड कोरड्या जागी ठेवावी. दोन-तीन महिन्यांतून एकदा तपासावी. पूर्ण रिकामी बॅटरी वर्षभर पडून राहिली तर पुन्हा चार्ज होत नाही.
• फुगलेली किंवा पडून चिरलेली बॅटरी वापरू नये, उघडू नये, उकिरड्यावर किंवा विस्तवात टाकू नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. विक्रेत्याकडे परत द्यावी.

खरेदी करताना

१. बॅटरी आणि चार्जर किमतीत आहेत का? फक्त यंत्राची किंमत लिहून स्वस्त भासवले जाते.
२. त्याच बॅटरीवर चालणारी दुसरी यंत्रे त्या कंपनीची आहेत का? पुढे ग्राइंडर किंवा ब्लोअर घेतल्यास बॅटरी पुन्हा घ्यावी लागत नाही.
३. जळगाव, धुळे किंवा जवळच्या शहरात दुरुस्ती केंद्र आहे का?
४. बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोचे नोंदणी चिन्ह आणि आय.एस. १६०४६ हा क्रमांक आहे का?
५. पक्के बिल आणि वॉरंटी कार्ड मिळते का?
६. शंभर-दीडशे नगांच्या पेटीच्या मोहात पडू नये. त्यांतले बिट बहुधा मऊ लोखंडाचे असतात. लोखंडासाठी एच.एस.एस.चे पाच बिट, लाकडासाठी तीन, भिंतीसाठी दोन आणि ८ मि.मी.चा सॉकेट एवढे चांगले घेतले तर पुरते.

एकट्याला १८ व्होल्टचे यंत्र परवडत नसेल तर चार-पाच शेतकऱ्यांनी किंवा गटाने मिळून एक यंत्र आणि दोन बॅटऱ्या घ्याव्यात. ठिबक जोडणी आणि पत्र्याची कामे वर्षातून मोजके दिवसच असतात. यंत्र कोणाकडे आहे, बॅटरी चार्ज करून द्यायची जबाबदारी कोणाची, बिट तुटला तर कोणी द्यायचा, हे आधीच वहीत लिहून ठेवावे. घरच्या बारीक कामांसाठी प्रत्येकाकडे हाताचा चांगला पेचकस असला तरी पुरे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी सूचना

ठिबक प्रशिक्षणात भोके पाडण्याचे प्रात्यक्षिक अर्धा तास तरी ठेवावे. पीव्हीसीचा एक तुकडा घेऊन बरोबर मापाचे, मोठे आणि लंबगोल अशी तीन भोके पाडून प्रत्येकात ग्रोमेट बसवून दाखवावे आणि पाणी सोडावे. गळती डोळ्यांनी दिसली की वेगळे समजावून सांगावे लागत नाही. त्याच वेळी किटकॅट काढून खिशात ठेवण्याचा क्रम प्रत्येकाकडून एकदा प्रत्यक्ष करून घ्यावा. ड्रिल नसले तर काम एक दिवस उशिरा होते, हा क्रम चुकला तर घरातला माणूस जातो.